थर्मो आणि हीट ट्रान्सफरचा पहिला कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी हा विषय शिकवते. (थर्मो म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर म्हणजे उष्णतेचं संक्रमण.) दर सत्रात तेच प्रश्न येतात: काही वर्गात, बरेचसे व्हॉट्सॲपवर, आणि सर्वांत जास्त परीक्षेच्या आदल्या रात्री अकरानंतर. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न मुलांच्याच शब्दांत ठेवले आहेत. क्रमाने वाचलंत तर उत्तम, पण प्रत्येक उत्तर आपापल्या पायावर उभं आहे. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज पडेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. थर्मो आणि हीट ट्रान्सफर हे एकच विषय आहेत की दोन?

दोन आहेत, पण एकाच घरातले. थर्मो सांगतं ‘किती’, हीट ट्रान्सफर सांगतं ‘किती वेळात’.

कपात १५० ग्रॅम चहा आहे, ८० अंशांचा. तो ३० अंशांवर येईपर्यंत किती उष्णता बाहेर जाईल? ०.१५ गुणिले ४.१८ गुणिले ५०, म्हणजे साधारण ३१ किलोज्यूल. थर्मोचं काम इथे संपलं. याला पाच मिनिटं लागतील की पंचवीस, हे त्या समीकरणात कुठेच नाही. तोच चहा बशीत ओतला तरी ३१ किलोज्यूलच जातात, फक्त पृष्ठभाग वाढल्यामुळे लवकर जातात. बशीतून चहा पिणारा माणूस हीट ट्रान्सफर वापरत असतो, थर्मो नाही.

२. मराठी माध्यमातून आलोय, गणितही जेमतेम आहे. झेपेल का?

झेपेल. वहन, अभिसरण, प्रारण, अप्रकट उष्मा हे शब्द तुम्ही शाळेत शिकलेलेच आहात. कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन आणि लेटंट हीट ही त्यांचीच इंग्रजी नावं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकान्यांत यादी करा, महिनाभरात तिची गरज उरणार नाही.

गणित म्हणाल तर लॉगॅरिदम, घातांक, सोपं इंटिग्रेशन आणि इंटरपोलेशन एवढं पक्कं हवं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांना इंटिग्रेशनची भीती वाटते, पण स्टीम टेबल (पाणी आणि वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते) त्यांच्या हाताला आधीच सरावलेलं असतं. शेजारी बसून एकमेकांना शिकवा.

३. उष्णता, तापमान आणि आंतरिक ऊर्जा यांत नेमका फरक काय?

आंबे जास्त खाल्ले की घरात म्हणतात, ‘अंगात उष्णता झाली.’ घरी म्हणा, वर्गात नको. थर्मोमध्ये उष्णता कशाच्याही ‘आत’ नसते. तापमानातल्या फरकामुळे एका ठिकाणाहून दुसरीकडे जात असलेली ऊर्जा म्हणजे उष्णता. पोहोचली की ती उष्णता राहत नाही, आंतरिक ऊर्जेत जमा होते. फुग्यात हवा असते, वारा नसतो. हवा वाहते तेव्हाच तिला वारा म्हणायचं, तसंच हे.

तापमान ही तिसरीच गोष्ट. उष्णता कोणत्या दिशेला जाईल हे ते ठरवतं. शून्य अंशांचा बर्फ वितळताना किलोमागे ३३४ किलोज्यूल घेतो आणि तरी शून्यालाच राहतो. आंतरिक ऊर्जा वाढली, तापमान हललं नाही. हे एक उदाहरण डोक्यात बसलं तरी या तिघांतला गोंधळ बराच कमी होतो.

४. पहिल्या नियमात ‘क्यू वजा डब्ल्यू’ लिहायचं की ‘क्यू अधिक डब्ल्यू’? केमिस्ट्रीत वेगळं होतं.

दोन्ही बरोबर आहेत. पहिला नियम म्हणजे ऊर्जेचा हिशेब: उष्णता (क्यू) आणि कार्य (डब्ल्यू) यांवरून सिस्टीमची, म्हणजे आपण अभ्यासाला घेतलेल्या भागाची, आंतरिक ऊर्जा किती बदलली ते काढायचं. बारावीच्या केमिस्ट्रीत सिस्टीमवर केलेलं कार्य धन मानतात, म्हणून तिथे अधिक येतं. इंजिनिअरिंगच्या बहुतेक पुस्तकांत सिस्टीमने बाहेर दिलेलं कार्य धन, म्हणून वजा. इंजिनवाल्याला इंजिनाकडून काम हवं असतं, त्यामुळे मिळालेलं काम तो धन धरणारच.

एक रीत निवडा, उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहून टाका आणि शेवटपर्यंत बदलू नका. अर्ध्या पानानंतर रीत बदलणाऱ्यांचे गुण मी कापते, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

५. सिस्टीमची सीमा कुठे आखायची? कुठेही आखली तर चालते का?

चालते. पण कुठे आखलीत त्यावर उत्तराचं रूप बदलतं, आणि या कोर्समधल्या निम्म्या चुका ती न आखल्यामुळे होतात. सूत्र चुकलेलं क्वचित सापडतं. ‘ही उष्णता कोणाला मिळाली?’ हे न विचारताच सूत्र लावलेलं मात्र प्रत्येक गठ्ठ्यात सापडतं.

नेहमीचं कोडं घ्या: बंद खोलीत फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? सीमा फ्रीजभोवती आखली तर आत घेतलेली उष्णता, मागच्या जाळीतून टाकलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरचं काम, अशी तीन खाती सांभाळावी लागतात. आता सीमा खोलीच्या भिंतींवर आखा. भिंतींतून उष्णता जात नाही असं धरलं तर सीमा ओलांडणारी एकच गोष्ट उरते: वायरीतून आत येणारी वीज. बाहेर काहीच जात नाही. म्हणजे खोली तापणार. एका ओळीत सुटलं.

पंख्याचंही तसंच. रिकाम्या बंद खोलीत ७० वॅटचा पंखा लावून बाहेर गेलात तर खोलीला ७० वॅटचा हीटर मिळाला. पंखा हवा गार करत नाही, आपल्या घामाचं बाष्पीभवन वाढवतो, आणि घाम यायला खोलीत माणूस हवा.

कुकर शिट्टी होईपर्यंत बंद सिस्टीम असतो आणि शिट्टीच्या क्षणापासून खुली. त्यामुळे ‘कुकर कोणती सिस्टीम?’ या तोंडी परीक्षेतल्या प्रश्नाला ‘कधी, ते सांगा’ असं उलट विचारणारा विद्यार्थी मला आवडतो. मात्र सगळ्याच परीक्षकांना आवडेल याची हमी नाही.

६. दाब गेजचा घ्यायचा की ॲब्सोल्यूट? तापमान सेल्सिअसमध्ये की केल्विनमध्ये?

स्टीम टेबल आणि आदर्श वायूचं समीकरण या दोन्ही ठिकाणी ॲब्सोल्यूट दाबच लागतो. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, ॲब्सोल्यूटमध्ये वातावरणाचा साधारण १ बारही धरतात. बॉयलरवरचा काटा १० बार दाखवत असेल तर टेबलमध्ये ११ बार बघायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर हे विसरले होते. मागच्या बाकावरून दुरुस्ती आली, आणि तेव्हापासून ‘बार’ लिहिलं की पुढे ‘ॲब.’ लिहितेच.

कुकरच्या शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबाहून साधारण १ बार जास्त दाब धरून ठेवतं. आतला ॲब्सोल्यूट दाब २ बार होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यातलं पाणी ९५–९६ अंशांनाच उकळतं. म्हणून तिथे डाळ शिजायला जास्त वेळ घेते.

तापमानाचं म्हणाल तर फरक घ्यायचा असेल तेव्हा दोन्ही एककं चालतात, कारण २० अंशांचा फरक म्हणजेच २० केल्विनचा फरक. गुणोत्तर, लॉग किंवा चौथा घात आला की फक्त केल्विन. कार्नोच्या सूत्रात (प्र. ११) सेल्सिअस घातलेली उत्तरपत्रिका दर वर्षी येते, आणि त्यात कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर गेलेली असते.

७. स्टीम टेबल उघडलं की गोंधळ होतो. सुरुवात कुठून करू?

आधी एकच गोष्ट ठरवा: पाणी आहे, ओली वाफ (वाफ आणि पाणी एकत्र) आहे की अतितप्त वाफ (उकळबिंदूच्याही वर तापलेली)? हे ठरेपर्यंत कोणताही आकडा उचलू नका.

१० बार ॲब. दाब दिला आहे. टेबल सांगतं, या दाबाला पाणी १७९.९ अंशांना उकळतं. दिलेलं तापमान २५० अंश असेल तर वाफ अतितप्त, सुपरहीटचं पान उघडा. १०० अंश असेल तर अजून पाणीच. आणि नेमकं १७९.९ असेल तर दाब आणि तापमान दोन्ही कळूनही तुम्हाला काहीच कळलेलं नाही, कारण उकळताना ते दोघं एकमेकांना बांधलेले असतात. मग ड्रायनेस फ्रॅक्शन, म्हणजे मिश्रणात वाफेचा वाटा किती, तो लागतो. तो ०.९ दिला असेल तर एन्थाल्पी (आंतरिक ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) येते ७६३ अधिक ०.९ गुणिले २०१५, म्हणजे साधारण २५७७ किलोज्यूल प्रति किलो.

इंटरपोलेशन करताना संपृक्त रेषा, म्हणजे पाणी आणि वाफ यांच्यातली उकळण्याची सीमा, ओलांडू नका. एक आकडा पाण्याचा, दुसरा वाफेचा आणि मधलं उत्तर ‘सरासरी’, असा पदार्थ जगात नाही.

पाणी कॉम्प्रेस्ड असेल आणि वेगळं टेबल दिलं नसेल तर त्याच तापमानाच्या संपृक्त पाण्याचे आकडे घ्या. दाबाने पाण्याला फारसा फरक पडत नाही, तापमानाने पडतो. उलटं करून त्याच दाबाच्या ओळीत पाहिलंत तर १० बार, २५ अंशांच्या पाण्याला १०५ ऐवजी ७६३ लिहून बसाल.

८. किटलीतून निघणारा पांढरा धूर म्हणजे वाफच ना?

नाही. वाफ दिसत नाही. तोटीच्या अगदी तोंडाशी जी रिकामी जागा दिसते, तिथे वाफ आहे. पुढे पांढरं दिसतं ते थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. बोट त्या रिकाम्या जागेत घालू नका. वाफ बोटावर पाणी होताना किलोमागे २,२५७ किलोज्यूल सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट.

९. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं लिहिलं तर गुण मिळतील का?

मिळतील बहुधा, पण गणित सुटणार नाही. ‘पसारा’ या शब्दाने एन्ट्रॉपी समजल्यासारखी वाटते आणि मग मुलं वर्षभर काहीच विचारत नाहीत, ही माझी त्या शब्दाबद्दलची तक्रार आहे.

क्लाउझियसने १८६५ मध्ये हा शब्द बनवला तेव्हा त्याच्यासमोर खोलीतला पसारा नव्हता, उष्णता आणि तापमान यांचा भागाकार होता. तो भागाकार स्वतः करून बघा. १०० अंशांच्या वाफेकडून ३० अंशांच्या खोलीला १,००० ज्यूल गेले. वाफेने गमावलं १,००० भागिले ३७३, म्हणजे २.६८. खोलीने मिळवलं १,००० भागिले ३०३, म्हणजे ३.३०. ज्यूल दोन्हीकडे तेवढेच, पण हिशेबात ०.६२ ज्यूल प्रति केल्विन जास्तीचे आले. ते कुठून आले नाहीत, तिथेच तयार झाले. ऊर्जा टिकते (पहिला नियम), एन्ट्रॉपी वाढते (दुसरा नियम). ही वाढ म्हणजे त्या उष्णतेतून काम काढून घेण्याची जी संधी वाया गेली, तिचं माप.

आता पुन्हा सीमा (प्र. ५). वाफेपुरतं बघितलं तर एन्ट्रॉपी कमी झाली, आणि त्यात नियमभंग काही नाही. कमी न होण्याची अट वाफ आणि खोली मिळून होणाऱ्या सिस्टीमला आहे. ‘पाण्याचा बर्फ होताना एन्ट्रॉपी कमी होते, मग दुसरा नियम मोडला का?’ याचंही हेच उत्तर.

१०. ॲडियाबॅटिक म्हणजेच आयसेन्ट्रॉपिक ना?

नाही. ॲडियाबॅटिक म्हणजे उष्णतेची देवघेव नाही. आयसेन्ट्रॉपिक म्हणजे एन्ट्रॉपी स्थिर, आणि त्यासाठी प्रक्रिया रिव्हर्सिबलही (मागे काही खूण न ठेवता उलटवता येणारी) हवी.

इन्सुलेट केलेल्या टाकीत मधोमध पडदा आहे, एका बाजूला हवा, दुसरीकडे निर्वात. पडदा फाडला. उष्णता शून्य, कार्य शून्य, आदर्श वायूसाठी तापमानही तेच. पण आकारमान दुप्पट झालं तर एन्ट्रॉपी किलोमागे ०.२८७ गुणिले लॉग दोन (नैसर्गिक), म्हणजे जवळजवळ ०.२ किलोज्यूल प्रति केल्विन वाढली. अरुंद वाटेतून नेऊन दाब पाडणारा थ्रॉटल व्हॉल्व्हही असाच: एन्थाल्पी तीच, एन्ट्रॉपी जास्त.

उलटा प्रकारही आहे, आणि तोंडी परीक्षेत कधीतरी विचारतात. टर्बाइनमध्ये घर्षण आहे आणि त्याच वेळी उष्णताही बाहेर जाते. घर्षणाने वाढलेली आणि उष्णतेसोबत गेलेली एन्ट्रॉपी नेमकी सारखी भरली तर प्रक्रिया आयसेन्ट्रॉपिक होते, पण ती ना ॲडियाबॅटिक असते ना रिव्हर्सिबल.

११. कार्नो इंजिन कोणी बनवतच नाही. मग शिकायचं कशाला?

मोजपट्टी म्हणून. सादी कार्नोने १८२४ मध्ये हा विचार मांडला, तेव्हा तो तिशीच्याही आत होता आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून रूढ व्हायचा होता. त्याने इंजिनाचा आराखडा दिला नाही, मर्यादा दिली: कोणी कितीही हुशार असो, या दोन तापमानांच्या मध्ये याहून जास्त मिळणार नाही.

वाफ ५४० अंशांची, कंडेन्सर ४० अंशांचा. केल्विनमध्ये ८१३ आणि ३१३. मर्यादा एक वजा ३१३ भागिले ८१३, म्हणजे साडेएकसष्ट टक्के. कोळशाच्या चांगल्या वीजकेंद्राला चाळीसच्या आसपास मिळतात. म्हणजे त्याला शंभरातले चाळीस नाही, साडेएकसष्टातले चाळीस मिळाले. निकाल बराच सुधारला की नाही?

खरं कार्नो इंजिन बनवलं तरी कोणी विकत घेणार नाही. त्यात उष्णता तापमानाच्या फरकाशिवाय आत यायला हवी, आणि फरक नसेल तर ती येण्याचा वेग शून्य. कार्यक्षमता सर्वांत जास्त, ताकद शून्य. इथे थर्मोला हीट ट्रान्सफर येऊन भेटतं (प्र. १).

१२. रँकिन सायकलमध्ये वाफेचं पुन्हा पाणी का करायचं? तेवढी उष्णता फुकट जाते की.

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण इथून पुढे माणूस इंजिनिअरसारखा विचार करायला लागतो.

रँकिन म्हणजे वाफेच्या वीजकेंद्राचं सायकल: बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, पंप आणि परत बॉयलर. आकडे घेऊ. वाफ ८० बार, ५०० अंश, एन्थाल्पी साधारण ३३९८ किलोज्यूल प्रति किलो. टर्बाइनमधून ०.१ बारपर्यंत आदर्श प्रसरण झालं तर बाहेर २१३० उरतात. मिळालेलं काम १२६८. कंडेन्सरमध्ये त्याचं पाणी केलं, १९२ उरले. ते पाणी पंपाने परत ८० बारला चढवायला लागतात फक्त ८ किलोज्यूल, कारण एक किलो पाण्याचं आकारमान जेमतेम एक लिटर आणि पंपाचं काम आकारमानावर चालतं. १२६८ मिळाले, ८ परत दिले. कार्यक्षमता ३९ टक्क्यांच्या वर.

आता पाणी न करता तीच वाफ कॉम्प्रेस करून परत बॉयलरला पाठवायचं ठरवा. ०.१ बारला तिचं आकारमान किलोमागे १२ घनमीटर, म्हणजे बारा हजार लिटर. तिला ८० बारपर्यंत दाबायला किमान तेवढंच काम लागेल जेवढं टर्बाइनने दिलं. हातात शून्य. कंडेन्सरमध्ये टाकलेले १९३८ किलोज्यूल ही उधळपट्टी नाही, सायकल चालवण्याची फी आहे. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथले भले मोठे कूलिंग टॉवर पाहिलेत तर ही फी केवढी असते याचा अंदाज येतो.

फी चुकवता येत नाही, पण ती कामाला लावता येते. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांत बॉयलर उसाच्या चिपाडावर चालतो आणि बॅकप्रेशर टर्बाइनमधून वाफ पूर्ण न पिळता वातावरणापेक्षा थोड्या जास्त दाबाला बाहेर काढतात. ती रस आटवायला जाते. वीज कमी मिळते, पण ‘फुकट’ जाणारी अप्रकट उष्मा साखर बनवते. इंडस्ट्रियल व्हिजिटला वीजकेंद्र आणि साखर कारखाना यांतलं एकच निवडायचं असेल तर गाळप हंगामात कारखाना निवडा. तिथे सायकलची चारही अंगं एका फेरीत बघता येतात, आणि वर ताजा रसही मिळतो.

१३. रीहीटमुळे कार्यक्षमता वाढते म्हणून करतात ना? आणि वाफ मध्येच काढून घेतली तर काम कमी होतं, मग रीजनरेशनने कार्यक्षमता वाढते कशी?

रीहीटचं मुख्य कारण कार्यक्षमता नाही, टर्बाइनची पाती आहेत. प्र. १२ मधल्या उदाहरणात शेवटी ड्रायनेस ०.८१ येतो, म्हणजे एकोणीस टक्के पाणी. त्या वेगाने आपटणारे थेंब पाती कुरतडतात. साधारण ०.८८ च्या खाली जाऊ देत नाहीत. म्हणून मध्येच वाफ परत तापवायची. कार्यक्षमता थोडी वाढते, ती वरकमाई.

रीजनरेशनमध्ये काम कमी होतं, हे तुमचं बरोबर. पण टर्बाइनमधून काढून घेतलेल्या वाफेने फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) तापतं, त्यामुळे बॉयलरला कमी उष्णता द्यावी लागते आणि ती सरासरीने जास्त तापमानाला दिली जाते. अंशही घटला, छेदही घटला, छेद जास्त घटला. काम आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

१४. ऑटो, डिझेल, ब्रेटन: सर्वांत कार्यक्षम कोणतं?

ऑटो हे पेट्रोल इंजिनाचं सायकल, डिझेल डिझेल इंजिनाचं, ब्रेटन गॅस टर्बाइनचं. ‘काय सारखं ठेवून?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं आकारमान किती पट दाबलं) सारखा असेल तर ऑटो डिझेलच्या पुढे. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाचा रेशो बराच जास्त असतो, कारण ते फक्त हवा दाबतं आणि नॉकिंगची (इंधन-हवेचं मिश्रण आपोआप पेटण्याची) भीती नसते, म्हणून रस्त्यावर डिझेल पुढे. ब्रेटनचं दुखणं वेगळंच: टर्बाइनने दिलेल्या कामाचा निम्म्याच्या आसपास भाग त्याचा कॉम्प्रेसरच खातो. रँकिनच्या पंपाशी तुलना करा (प्र. १२).

रेशो १० असताना ऑटोचं सूत्र ६० टक्के देतं आणि दुचाकीला त्याच्या निम्मेही कष्टाने मिळतात. सूत्रात हवा आदर्श आहे, ज्वलन क्षणात होतं, सिलिंडरच्या भिंती उष्णता घेत नाहीत आणि घर्षण नाही. यातलं एकही खरं नाही.

१५. एसीचा सीओपी ३–४ येतो. म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट ऊर्जा तयार होते का?

तयार काहीच होत नाही, हलवली जाते. सीओपी म्हणजे उचललेली उष्णता भागिले घेतलेली वीज. दीड टनाचा एसी खोलीतून ५.३ किलोवॅट उष्णता उचलतो, समजा १.४ किलोवॅट वीज घेतो आणि बाहेर ६.७ किलोवॅट टाकतो. हिशेब जुळला. हमालाने पन्नास किलोचं पोतं उचललं म्हणून त्याने पन्नास किलो गहू पिकवला असं होत नाही.

‘टन’ कुठून आला तेही बरेच जण विचारतात. २,००० पौंड बर्फ, म्हणजे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना ज्या दराने उष्णता घेतो तो दर म्हणजे एक टन: ३.५ किलोवॅट. एसीच्या वजनाशी काही संबंध नाही.

१६. कूलर नागपुरात मस्त चालतो, रत्नागिरीत नुसता दमटपणा वाढवतो. यंत्र तेच ना?

यंत्र तेच, हवा वेगळी. कूलर हवेला फार तर तिच्या वेट बल्ब तापमानापर्यंत (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) नेऊ शकतो. मे महिन्यात विदर्भात हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब २४ च्या आसपास येतो: एकवीस अंशांची जागा. कोकणात ३३ अंश, ७५ टक्के आर्द्रता, तर वेट बल्ब २९: जेमतेम चार. माठाचंही हेच गणित. सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेचं तापमान आणि आर्द्रता यांचा आलेख) हातात आला की आधी आपल्या गावाचा बिंदू त्यावर टाकून बघा.

१७. वहन, अभिसरण, प्रारण यातलं गणितात नेमकं कोणतं घ्यायचं?

बहुतेक वेळा तिन्ही असतात. अडथळा कोणाचा मोठा, एवढंच शोधायचं. भाकरी तव्यावर असते तेव्हा वहन चालतं. ती उचलून निखाऱ्यांसमोर उभी धरली की प्रारणाने भाजते आणि आतल्या पाण्याची वाफ तिला फुगवते.

अडथळ्यांची बेरीज करायची सवय लावा. वहनाचा अडथळा म्हणजे जाडी भागिले पदार्थाची उष्णतावाहकता. नऊ इंची विटेच्या भिंतीचा एका चौरस मीटरला अडथळा ०.२३ भागिले ०.७, म्हणजे ०.३३. आतल्या हवेच्या थराचा ०.१२, बाहेरच्या थराचा ०.०५. इथे भिंतच निर्णायक. आता अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा घ्या: ०.०००५ भागिले ५०, म्हणजे ०.००००१. पत्र्याच्या खोलीत पत्र्याचा अडथळा शून्यच, जे काही आहे ते हवेच्या थरांत आणि प्रारणात. म्हणून पत्रा जाड करून काही होत नाही, वरून पांढरा रंग दिला तर होतं.

प्रारणात केल्विन विसरू नका (प्र. ६).

१८. इन्सुलेशन वाढवल्यावर उष्णता जास्त जाते, असं सर म्हणाले. चेष्टा होती का?

चेष्टा नाही. सपाट भिंतीला असं होत नाही, गोल वस्तूला होतं. नळीवर थर चढवला की वहनाचा अडथळा वाढतो, पण बाहेरचा पृष्ठभागही वाढतो, म्हणजे अभिसरणाचा अडथळा घटतो. थराची बाहेरची त्रिज्या ‘के भागिले एच’ इतकी होईपर्यंत दुसरा परिणाम जिंकतो. ‘के’ म्हणजे थराची उष्णतावाहकता, ‘एच’ म्हणजे अभिसरणाचा गुणांक, आणि ही त्रिज्या म्हणजे क्रिटिकल त्रिज्या.

विजेची तार, त्रिज्या १ मिलिमीटर. प्लास्टिकचा के ०.१५, हवेचा एच १०. क्रिटिकल त्रिज्या १५ मिलिमीटर. तारेवरचं वेष्टण याच्या जवळपासही जात नाही, म्हणून ते तार गार ठेवायला मदतच करतं. ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वाफेच्या पाइपवर ग्लासवूल घातलं, के ०.०४, तर क्रिटिकल त्रिज्या ४ मिलिमीटर. पाइप आधीच तिच्यापुढे आहे, खुशाल गुंडाळा. गोळ्यासाठी ती दुप्पट: दोन के भागिले एच.

१९. एलएमटीडी काढताना शून्य भागिले शून्य आलं. कॅल्क्युलेटर बिघडला का?

एलएमटीडी म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या दोन टोकांच्या तापमानफरकांची लॉग सरासरी: त्या फरकांची वजाबाकी भागिले त्यांच्या गुणोत्तराचा लॉग. गरम बाजू ९० वरून ६०, थंड बाजू ३० वरून ६०, काउंटरफ्लो (दोन्ही प्रवाह उलट दिशांना). दोन्ही टोकांना फरक ३०. लॉग एकचा शून्य, वरही शून्य. फरक सगळीकडे ३० च आहे, मग सरासरी ३०. सूत्राशी भांडू नका.

तेच आकडे पॅरलल फ्लोमध्ये (दोन्ही प्रवाह एकाच दिशेला) घाला. एका टोकाला ६०, दुसऱ्याला शून्य. एलएमटीडी शून्य, म्हणजे लागणारं क्षेत्रफळ अनंत. तो एक्स्चेंजर बनणारच नाही. आणि एका बाजूला वाफ घनीभूत होत असेल तर तिचं तापमान स्थिर, मग काउंटर आणि पॅरलल दोन्हींचं उत्तर एकच येतं.

२०. बायो नंबर आणि नुसेल्ट नंबरचं सूत्र सारखंच आहे. मग दोन नावं कशाला?

सारखं दिसतं (एच गुणिले लांबी भागिले के), पण ‘के’ वेगळा. बायोमध्ये घन वस्तूचा, नुसेल्टमध्ये द्रवाचा किंवा वायूचा. पुन्हा तेच: आकडा सीमेच्या कोणत्या बाजूचा (प्र. ५)?

बायो ०.१ पेक्षा कमी असेल तर वस्तू आतून-बाहेरून एका तापमानाची धरता येते. हवेत थंड होणारी १० मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी: ०.००१ पेक्षाही कमी, बिनधास्त धरा. उकळत्या पाण्यातला बटाटा: के ०.५, एच ५०० धरला तर आठच्या वर. म्हणून साल सुटलेली असते आणि मधला गाभा कच्चा. घाईत केलेल्या वड्याच्या भाजीत हा बायो नंबर दाताखाली येतो.

२१. माझं उत्तर ३९.४ येतं, पुस्तकात ३९.२ आहे. पद्धत चुकली का?

बहुधा नाही. स्टीम टेबलच्या आवृत्त्यांत थोडा फरक असतो, पंपाचं काम कोणी धरतं कोणी सोडतं, हवेची विशिष्ट उष्मा कोणी १.००५ घेतं कोणी १. दशांशातला फरक सोडून द्या. ३९ च्या जागी ५१ आलं तर आधी दाबाचं एकक, मग केल्विन, मग चिन्हांची रीत, याच क्रमाने शोधा (प्र. ६ आणि ४). आणि तापमान–एन्ट्रॉपी आकृती काढली नसेल तर आता काढा. मला रात्री अकरानंतर विचारायचं असेल तर त्या आकृतीचा फोटोही सोबत पाठवा.